खुब्याच्या जुनाट वेदनेवरील अल्पछेदी उपचार

खुब्याच्या संधिवाताने पीडलेला रोगी पुष्कळदा गुडघा दुखत असल्याची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे येतो. गुडघा तपासला असता त्यात दोष आढळत नाही. या विसंगतीचा उलगडा मज्जातंतूंच्या रचनेत आहे. जॉन हिल्टन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८६० ते १८६२ या काळात दिलेल्या व्याख्यानांतून असा नियम मांडला की, सांध्याची हालचाल घडविणाऱ्या स्नायूंना ज्या मज्जातंतूंचा पुरवठा होतो, त्यांच्याच शाखा त्या सांध्यालाही मिळतात. खुब्याच्या संधिकोशाच्या पुढील भागास फीमोरल व ऑब्च्युरेटर या मज्जातंतूंच्या शाखा जातात. त्याच मज्जातंतूंच्या अन्य शाखा गुडघ्यापर्यंत पोहोचतात. म्हणून एका ठिकाणची पीडा दुसऱ्या ठिकाणी जाणवते.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. संधिवातात जी झिजते त्या कूर्चेत मज्जातंतू नसतात. वेदना उद्भवते ती संधिकोश, त्याचे आतील अस्तर आणि कूर्चेखालील हाड यांतून. त्यामुळे क्ष-किरण चित्रातील झीज आणि रोग्याची वेदना यांचे प्रमाण नेहमी जुळतेच असे नाही. झीज आणि वेदना हे दोन वेगळे प्रश्न होत. अल्पछेदी उपचार त्यांपैकी दुसऱ्याला उत्तर देतात, पहिल्याला नव्हे.

या उपचारांत सर्वांत रूढ असा उपचार म्हणजे सांध्यात स्टिरॉइड टोचणे. खुब्याचा सांधा खोलवर असून पुढून मोठ्या रक्तवाहिन्या जात असल्यामुळे सुईचा मार्ग सोनोग्राफी अथवा क्ष-किरण यांच्या साहाय्याने पाहावा लागतो. इंग्लंडमध्ये १९९ रोग्यांवर केलेल्या व २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या उपचारांना स्टिरॉइड व बधिरक यांच्या इंजेक्शनाची जोड दिली असता, सहा महिन्यांच्या काळात वेदना दहापैकी सुमारे दीड अंकाने अधिक कमी झाली. हा लाभ आरंभी ठळक होता, पुढे तो ओसरत गेला. शिवाय केवळ बधिरक टोचलेल्या गटाशी तुलना करता स्टिरॉइडचे श्रेष्ठत्व निर्विवादपणे सिद्ध झाले नाही.

दुसरा मार्ग वेदनेचा संदेश वाहणाऱ्या शाखांवरच आघात करण्याचा. प्रथम बधिरक टोचून वेदना थांबते की नाही हे पाहतात. थांबल्यास सुईच्या टोकातून उच्च कंप्रतेचा विद्युत्प्रवाह सोडून त्या शाखा सामान्यतः ८० अंश सेल्सियसच्या आसपास तापवितात. स्नायूंना जाणारे मुख्य मज्जातंतू वगळून केवळ सांध्याच्या शाखा निष्क्रिय करणे, हे येथील खरे कौशल्य होय. परंतु मज्जातंतू पुन्हा वाढतात आणि काही महिन्यांनी वेदना परतू शकते.

जे नवे ते सर्व ग्राह्य, असे मात्र नाही. अमेरिकन संधिवातशास्त्र महाविद्यालयाच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूत्रांत खुब्यासाठी स्टिरॉइडची ठाम शिफारस असून हायलुरॉनिक आम्ल, रक्तबिंबिकायुक्त रक्तद्रव आणि मूलपेशी यांच्या इंजेक्शनांविरुद्ध तितकाच ठाम अभिप्राय आहे.

सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली खुब्याच्या कृत्रिम सांध्याची पद्धती सिद्ध केल्यापासून, अतिशय झिजलेल्या सांध्यास संपूर्ण प्रत्यारोपण हा परिणामकारक उपाय उपलब्ध आहे. ज्या रोग्याला हृदयविकारामुळे शस्त्रक्रिया सोसणार नाही, त्याला सुईद्वारे मिळालेले काही महिन्यांचे स्वास्थ्यही मोलाचे असते. त्या अवधीत व्यायामाने स्नायू बळकट करता येतात. परंतु ज्याच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकते, त्याने प्रत्येक इंजेक्शनाबरोबर ती पुढे ढकलीत राहणे हितावह नव्हे. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वीच्या तीन महिन्यांत टोचलेले स्टिरॉइड कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढविते, असे मानले जाते. सारांश, वेदना शमली म्हणजे सांधा सुधारला असे नव्हे. हा भेद रोग्याला आरंभीच समजावून देणे हे उपचाराचेच एक अंग होय.