मेलचा दुवा कुठे उघडतो?

माझ्या आत्याला एका नोकरीसाठी अर्ज करायचा होता. जाहिरातीत निळ्या अक्षरांत मेलचा पत्ता होता. त्यावर क्लिक केले, तर भलताच प्रोग्रॅम उघडला. त्यात घरातले जुने खाते होते आणि त्याचा पासवर्ड केव्हाच बदललेला. आत्याने अर्ज लिहून 'सेंड' दाबले. चार दिवसांनी पाहतो तर काय, अर्ज आउटबॉक्समध्येच पडून! "अरे, मी तर पाठवला होता!" आत्या म्हणाली. पोस्टमन न येणाऱ्या पेटीत पत्र टाकावे तसे झाले. मुदतही टळली.

असे का होते? वेबसाइटचा दुवा 'एचटीटीपीएस'ने सुरू होतो, म्हणून ब्राउझर उघडतो. मेलच्या दुव्यामागे 'मेलटू' हा शब्द लपलेला असतो. 1994 सालापासून तो इंटरनेटच्या नियमांत आहे. तो आला की संगणक त्या कामाला नेमलेला प्रोग्रॅम उघडतो. आपले खाते कशात आहे, हे तो बघत नाही.

ही नेमणूक आपल्याला बदलता येते. विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग ॲप्स, मग डिफॉल्ट ॲप्स उघडा. तिथे दुव्यांच्या प्रकारांची यादी असते. तीत 'मेलटू' शोधा आणि आपला प्रोग्रॅम निवडा. घाई असेल तर दुव्यावर उजवे क्लिक करून पत्ता कॉपी करा व नेहमीच्या मेलमध्ये चिकटवा.

पालकहो, अर्ज पाठवल्यावर तो 'सेंट'मध्ये दिसतो का, एवढे जरूर पाहा. आत्या आता तसे पाहिल्याशिवाय उठत नाही.