घरी बांधलेली सायकलची फ्रेम

सायकलची फ्रेम म्हणजे नळ्यांचे दोन त्रिकोण. पुढच्या त्रिकोणात वरचा दांडा, खालचा तिरपा दांडा आणि सीटची नळी येते. मागच्या त्रिकोणात सीटची नळी सामाईक असते आणि चाकाच्या दोन्ही अंगांनी बारीक नळ्यांच्या दोन जोड्या जातात. पुढचा त्रिकोण खरे तर पुरता त्रिकोण नसतो. हँडल आणि पुढचे चाक धरणारा चिमटा जिच्यातून जोडले जातात ती आखूड हेड ट्यूब त्याला चौथी बाजू देते, आणि फ्रेमवरचा सर्वांत मोठा ताण नेमका तिथेच येतो. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने 1885 मध्ये 'रोव्हर' सायकल आणली. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत हा आकार पक्का झाला आणि आजही त्याला समाधानकारक पर्याय निघालेला नाही. त्रिकोण वाकत नाही, तो फक्त ओढला किंवा दाबला जातो. म्हणूनच दीड किलोची पोकळ फ्रेम ऐंशी किलोचा माणूस वर्षानुवर्षे वाहते.

अशी फ्रेम घरी बांधता येते. त्यासाठी कारखाना लागत नाही. बाकाला बसवलेला व्हाइस, कानशी, हॅकसॉ, गुण्या, झाळ देण्याचे गॅसचे साधन आणि खूप सवड एवढ्यावर काम होते. घरी बांधण्याचे सर्वांत चांगले कारण मापाचे आहे, पैसे वाचवणे हे नव्हे. पहिली फ्रेम बाजारातल्या फ्रेमपेक्षा बहुधा महागच पडते. आपल्याकडची काळी रोडस्टर सायकल पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः 22 आणि 24 इंचांच्या फ्रेममध्ये मिळत आली. ज्याचे शरीर त्यांत बसले नाही त्याने सीट वरखाली करून भागवायचे. बुटक्या माणसाला, विशेषतः बायकांना, वरच्या दांड्याची लांबी जाचते आणि खांदे-मान भरून येतात. सीटची उंची बदलता येते, दांड्याची लांबी बदलता येत नाही.

माप पायापासून सुरू होते. अनवाणी उभे राहून जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची घ्यायची. तिला 0.883 ने गुणले की पायडलचे दांडे ज्यावर फिरतात त्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर साधारण मिळते. 80 सेंटिमीटर जांघ-उंचीच्या माणसासाठी ते सुमारे 70.6 सेंटिमीटर येते. त्यानंतर धड आणि हात यांवरून वरच्या दांड्याची लांबी ठरते. ती सूत्रावर सोडू नये. आधीच्या सायकलवर तीन-चार तास बसल्यावर कुठे दुखते, याचे उत्तर कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त भरवशाचे असते.

शरीरानंतर रस्ता. हेड ट्यूबचा कोन आणि चिमट्याचा पुढचा बाक मिळून हँडलचा स्वभाव ठरवतात. हेड ट्यूबची रेषा खाली वाढवली तर ती जमिनीला चाकाच्या टेकण्याच्या बिंदूपुढे भेटते. या दोन बिंदूंतल्या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेल जितका जास्त, तितके चाक सरळ राहू पाहते. 340 मिलिमीटर त्रिज्येचे चाक, 73 अंशांचा कोन आणि 45 मिलिमीटरचा बाक घेतला तर ट्रेल सुमारे 57 मिलिमीटर येतो. कोन 72 केला तर तो 63 होतो. एका अंशाचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण सोबत्यांच्या रांगेत चालवताना तो हातांना लगेच जाणवतो.

रस्ता नागपूरचा असेल, तर फ्रेम आखताना चढापेक्षा अंतराचा आणि उन्हाचा विचार आधी करावा लागतो. शहर जवळपास सपाट आहे. सेमिनरी हिल्सचा चढ सोडला तर शहरात गिअरला फारसे काम नसते. मात्र गेल्या काही वर्षांत नागपूरचे अनेक रस्ते सिमेंटचे झाले. त्यांच्या दोन पट्ट्यांमधले सांधे ठराविक अंतराने येतात आणि पाठीला एका ठेक्यात धक्के देत राहतात. अशा रस्त्यावर 23 मिलिमीटरच्या अरुंद टायरची फ्रेम हा चुकीचा हट्ट आहे. मागच्या नळ्यांमध्ये आणि चिमट्यात 32 ते 35 मिलिमीटर टायर बसेल इतकी मोकळीक ठेवावी, वर मडगार्डसाठी जागा सोडावी आणि चेनलगतच्या नळ्या 440 मिलिमीटरच्या आसपास ठेवाव्यात. घरी बांधण्याचा फायदा इथे कळतो, कारण ही मोकळीक नंतर वाढवता येत नाही.

पोलादाची फ्रेम हा घरच्या कारागिराचा पहिला रस्ता. रेनॉल्ड्स या बर्मिंगहॅमच्या कंपनीने 1897 मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ नळीचे पेटंट घेतले आणि 1935 मध्ये '531' या मिश्रधातूच्या नळ्या आणल्या. नळीची टोके जाड असतात कारण झाळ तिथे पडते आणि ताणही तिथेच येतो. मध्यभागाला तेवढ्या धातूची गरज नसते. आज घरी काम करणारे बहुधा क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची, म्हणजे 4130 जातीची, नळी घेतात. बाजारातला साधा 1.6 मिलिमीटर जाडीचा, 28.6 मिलिमीटर व्यासाचा पाइप मीटरला 1 किलोपेक्षा थोडा जास्त भरतो. टोकांना 0.9 आणि मध्ये 0.6 मिलिमीटर जाडीची त्याच व्यासाची नळी त्याच्या निम्म्याहूनही कमी वजनाची असते. गॅल्व्हनाइज्ड पाइप मात्र घेऊच नये. तापल्यावर त्यावरच्या जस्ताचा धूर फुप्फुसांत जातो आणि ताप भरतो.

या कामातला बहुतेक वेळ कानशीत जातो. एक नळी दुसरीला जिथे भेटते तिथे तिचे तोंड दुसऱ्या नळीच्या गोलाईत बरोबर बसले पाहिजे. त्यासाठी कागदावर वळणाचा नमुना काढून नळीभोवती गुंडाळतात, हॅकसॉने ओबडधोबड कापतात आणि अर्धगोल कानशीने घासत नेतात. दोन नळ्या जुळवून उजेडासमोर धरल्या आणि फटीतून प्रकाश दिसला नाही, तर तोंड बसले. इथे घाई केली तर ती कधीच भरून येत नाही. झाळ फट भरते खरी, पण भरलेली फट म्हणजे जोड नव्हे.

मग झाळ. पितळी कांडीची झाळ सुमारे 900 अंश सेल्सिअसला वाहते, चांदीची त्याहून बरीच कमी तापमानाला, साधारण 650 अंशांच्या आसपास. चांदीची झाळ पातळ नळीला कमी इजा करते, पण तिला जोडात अगदी बारीक, 0.1 मिलिमीटरपर्यंतचीच फट लागते. म्हणून ती लगमध्ये, म्हणजे नळ्या ज्यात खुपसतात त्या ओतीव सांध्यांमध्ये, वापरतात. पितळी झाळ लगविना, जोडाभोवती गोलसर काठ सोडूनही देता येते. दोन्हींत धातूवर गंज चढू नये म्हणून क्षार लावतात, आणि पितळेसाठी तो मुख्यतः टाकणखार असतो. टाकणखार आधी लाहीसारखा फुलतो, मग वितळून काचेसारखा पारदर्शक होतो. काच झाली की कांडी लावण्याची वेळ झाली. सोनार पिढ्यान्‌पिढ्या हीच खूण पाहत आले आहेत. ज्योत नेहमी कांडीवर न धरता नळीवर धरायची. कांडी वितळली पाहिजे ती नळीच्या उष्णतेने. धातूचा रंग उजेडात कळत नाही, त्यामुळे हे काम सावलीत किंवा दिवस मावळल्यावर करतात. नागपूरच्या उन्हाळ्यात ते तसेही तेव्हाच शक्य होते.

दोन गोष्टी विसरल्या तर काम जिवावर बेतू शकते. दोन्ही टोकांनी बंद होणाऱ्या नळीला आधीच बारीक छिद्र पाडावे लागते, नाहीतर आत कोंडलेली तापलेली हवा वितळती झाळ बाहेर फेकते. आणि चांदीची झाळ घेताना ती कॅडमियमविरहित आहे हे पाहूनच घ्यावी, कारण कॅडमियमचा धूर विषारी आहे. सिलिंडर उभे, बांधलेले आणि हवेशीर जागेत असावेत. स्वयंपाकघरात हे काम करू नये.

सरळपणा तपासायला महागडे टेबल लागत नाही. गुळगुळीत घोटलेल्या ग्रॅनाइटची उरलेली लादी बऱ्यापैकी सपाट असते, तिच्यावर सीटची नळी गुण्याने तपासता येते. मागच्या भागासाठी सुतळीची परीक्षा आहे. मागच्या चाकाच्या उजव्या खाचेतून सुतळी निघते, हेड ट्यूबला वळसा घालून डाव्या खाचेत येते आणि ताणून बांधली जाते. आता सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजायचे. ते सारखे आले तर मागचा भाग मधोमध आहे. हेड ट्यूब आणि सीटची नळी एकाच प्रतलात आहेत का, हे दूरवरून एका डोळ्याने पाहूनही कळते आणि ओळंब्याने पक्के करता येते. पायडलचा आस बसतो त्या आडव्या शेलचे आटे मात्र घरी पाडू नयेत. ते तयार घ्यावेत आणि झाळ झाल्यावर टॅप फिरवून साफ करून घ्यावेत. इंग्रजी पद्धतीच्या शेलमध्ये उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, आणि हे माहीत नसल्याने अनेक शेल वाया जातात.

दुसरा रस्ता बांबूचा, आणि तो विदर्भाच्या जास्त जवळचा आहे. बांबूची सायकल ही नवी कल्पना नव्हे. लंडनच्या प्रदर्शनात ती 1894 मध्येच मांडली गेली होती. नंतर ती विसरली गेली आणि 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या क्रेग काल्फी याने तिला पुन्हा वर आणले. महाराष्ट्रात पुण्याच्या शशिशेखर पाठक या हवाई दलातील निवृत्त अधिकाऱ्यांनी 'बांबूची' या नावाने हाताने बांधलेल्या बांबूच्या सायकली केल्या. नागपूरच्या पूर्वेला आणि दक्षिणेला भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर हा बांबूचाच मुलूख आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. 2017 मध्ये भारतीय वन अधिनियमातील दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू 'वृक्ष' राहिला नाही, त्यामुळे तो तोडणे आणि नेणे सोपे झाले. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रही आहे.

फ्रेमसाठी मानवेल हा बांबू उपयोगी पडतो. त्याची भिंत जाड असते, कधी कधी तो जवळपास भरीवच निघतो, आणि पेरे जवळजवळ असतात. पावसाळा संपल्यावर, हिवाळ्यात तोडलेला बांबू घ्यावा. तेव्हा त्यातले पिष्ट कमी असते आणि किडा कमी लागतो. टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवून मग सावलीत काही महिने वाळवावा लागतो. हेड ट्यूब, पायडलचे शेल आणि मागच्या खाचा धातूच्याच असतात. बांबूची तोंडे पोलादाप्रमाणेच कानशीने बसवतात, चिकटवतात आणि सांध्याभोवती इपॉक्सीत भिजवलेला धागा आवळून गुंडाळतात. परदेशात भांगेचा किंवा जवसाचा धागा घेतात. ताग आणि अंबाडी हे आपल्याकडचे धागे त्यांच्याच जातकुळीचे आहेत, आणि अंबाडीचे दोर विदर्भातल्या शेतकऱ्याला नवे नाहीत.

इथे हवामान दोन ठिकाणी आडवे येते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर दमट पावसाळा येतो आणि या फेऱ्यात बांबू तडकतो. म्हणून टोके आतूनही बंद करून सगळ्या फ्रेमला वॉर्निश द्यावे लागते. इपॉक्सीची अडचण त्याहून गंभीर. साध्या तापमानाला घट्ट झालेले अनेक रेझिन 50-60 अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो तेव्हा उन्हात उभ्या केलेल्या काळ्या सांध्याचे तापमान हवेपेक्षा बरेच जास्त असते. उष्णता सहन करणारे रेझिन निवडून, सांधा सौम्य उष्णतेत पुन्हा पक्का करून घेतला, तरच ही फ्रेम नागपुरात टिकेल.

फ्रेम तयार झाली तरी ती अजून तपासलेली नसते, आणि तपासणीला दुसरा माणूस लागतो. पहिल्या फेऱ्या छोट्या असाव्यात, पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर, मागे एक सोबती ठेवून. चालवणाऱ्याला स्वतःची चाके दिसत नाहीत. मागचे चाक पुढच्याच्या रेषेत धावते की एका बाजूला खेचते, हे मागच्यालाच कळते. ओल्या रस्त्यावर तर दोन चाकांच्या खुणा वेगळ्या उमटतात. उतारावर हँडल थरथरते का, उभे राहून जोर दिल्यावर फ्रेम किती झुलते, कुरकुर कोणत्या सांध्यातून येते, हेही सोबतीच सांगतो. परत आल्यावर चाकाचा आउट काढून घ्यावा आणि हेड ट्यूबच्या खालचा जोड भिंगाने पाहावा. तडा येणार असेल तर तो आधी तिथेच येतो.

मग अंतर वाढवत न्यायचे. फुटाळा आणि अंबाझरी तलावांच्या काठची चक्कर, मग कामठी मार्गे रामटेक, मग सेवाग्राम. सेवाग्रामला जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर होतात. रांगेत चालताना पुढच्याच्या आडोशाने मागच्याचा हवेचा रोध बराच कमी होतो. त्यामुळे कमी ताकदीचाही माणूस चांगल्या गटासोबत लांब जातो, पण त्याच रांगेत डळमळणारी सायकल इतरांना धोक्यात घालते. न तपासलेली फ्रेम घेऊन गटात मध्यभागी शिरू नये, हा इथला शिष्टाचार पाळलाच पाहिजे. समृद्धी महामार्ग सायकलींना बंद आहे, त्यामुळे लांबच्या फेऱ्या जुन्या रस्त्यांवरूनच होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हंगाम. उन्हाळ्यात उजाडण्याआधी निघून ऊन तापण्याच्या आत तर्री पोह्यांच्या गाडीवर पोचायचे.

त्यापुढची परीक्षा ब्रेव्हेची. ही शर्यत नसते. दिलेल्या वेळेत, स्वतःच्या बळावर अंतर पुरे करायचे असते: 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, 400 सत्तावीस तासांत, 600 चाळीस तासांत. चारही एका हंगामात पुरी करणाऱ्याला सुपर रँडोनर म्हणतात. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे 4,900 किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने बारा दिवसांच्या आत पुरी केली. 2018 मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे 9,100 किलोमीटरची टप्प्यांची शर्यतही त्यांनी पार केली. त्या अंतराला कारखान्याच्या उत्तम सायकली लागतात. घरच्या फ्रेमसाठी 200 किलोमीटरची ब्रेव्हे हेच योग्य पहिले ध्येय आहे. तेरा तासांत मापाची प्रत्येक चूक मानेत, मनगटात किंवा गुडघ्यात उतरते, आणि दुसऱ्या फ्रेमचा आराखडा तिथेच सुरू होतो.

पोलादाच्या फ्रेमला रंग शेवटी द्यावा. पहिला हंगाम तिला फक्त पारदर्शक थर किंवा मेण-तेल लावून उघडी वापरली तर तडा लपत नाही आणि सोबत्यांनी सांगितलेले दोष दुरुस्त करता येतात. नंतर ती पावडर कोटिंगला देता येते. भट्टीचे 180 ते 200 अंश झाळेच्या जवळपासही जात नाहीत. बांबूच्या फ्रेमला ही भट्टी चालत नाही. तिचे वॉर्निश हाताने, दर पावसाळ्याआधी, पुन्हा द्यावे लागते.