काळ्या अक्षरांवरचा आरोप

‘द न्यूयॉर्क टाइम्स’चे शीर्षनाम, जर्मन बिअरची लेबले आणि हेवी मेटल संगीताच्या तबकड्यांची वेष्टने या तिन्ही ठिकाणी अक्षरांचे एकच घराणे नांदताना दिसते. त्याचे नाव ब्लॅकलेटर. चपट्या टोकाच्या लेखणीने ओढलेले जाड उभे दंड, गोलाईऐवजी मोडलेले कोपरे आणि अक्षरांमध्ये जेमतेम जागा. पान काळेभोर दिसते, म्हणून हे नाव. बोरूने कित्ता गिरवलेल्यांना जाड-बारीक रेघेचे हे शास्त्र नवे वाटणार नाही.

गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास माइन्झ येथे छापलेले बेचाळीस ओळींचे बायबल याच वळणाचे होते. सोळाव्या शतकात त्यातून ‘फ्राक्टूर’, म्हणजे ‘मोडलेली’ लिपी घडली. इटली-फ्रान्सने रोमन वळण पत्करले. जर्मनीने मात्र फ्राक्टूर विसाव्या शतकापर्यंत सांभाळले.

आज हे वळण सलग मजकुराला चालत नाही, पण दोन-तीन शब्दांच्या नावाला शोभते. पथ्य एकच: सगळा शब्द मोठ्या लिपीत जुळवू नये. तिची नक्षीदार अक्षरे शब्दाच्या आरंभी एकटी उभी राहण्यासाठी घडवलेली असतात. ओळीने मांडली की शब्द वाचताच येत नाही.

वापरणाऱ्याची खरी अडचण मात्र निराळीच. हे वळण दिसले की अनेकांना हिटलर आठवतो. नाझींनी सुरुवातीला त्याला ‘अस्सल जर्मन’ म्हणून मिरवले, हे खरे. पण ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या सहीने निघालेल्या परिपत्रकाने त्याच अक्षरांना ‘ज्यूंची अक्षरे’ ठरवून हद्दपार केले. या आरोपाला इतिहासात कसलाही आधार नव्हता. त्या परिपत्रकाच्या कागदावरचे छापील शीर्षसुद्धा ब्लॅकलेटरमध्येच होते! जिंकलेल्या मुलखांत ही लिपी वाचता येत नव्हती, हे खरे कारण असावे, असे अभ्यासक मानतात आणि मला ते पटते.

त्याच वर्षी शाळांतून ज्युटरलीन हे जुने हस्ताक्षरवळणही गेले. परिणामी आज बहुतेक जर्मनांना आजोबांची पत्रे जाणकाराकडून वाचून घ्यावी लागतात. घरातली मोडी कागदपत्रे घेऊन वाचणारा शोधत फिरणाऱ्या आपल्याला हे दुःख परके नाही. आपल्याकडे मोडी मागे पडली ती छपाईच्या सोयीसाठी, द्वेषापोटी नव्हे. पण नातवंडांच्या वाट्याला आलेले मुकेपण सारखेच.

म्हणूनच ब्लॅकलेटर दिसताच त्याला नाझी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. त्या राजवटीची बारा वर्षे वजा केली, तरी या अक्षरांकडे पाच शतकांची ग्रंथसंपदा उरते. नाव मांडण्यासाठी ती निवडणाऱ्याने दोन्ही हिशेब ठाऊक ठेवावेत.