अक्षरांचा आराखडा सर्वांसाठी

'आचार्यांना जेवायला बोलवा' आणि 'आचाऱ्यांना जेवायला बोलवा' ही दोन वाक्ये नीट वाचा. पहिल्या वाक्यात गुरुजी पंगतीला बसतील, तर दुसऱ्यात स्वयंपाकी! फरक केवढा? 'र'च्या एका रेघेचा. एकीकडे डोक्यावरचा रफार, तर दुसरीकडे 'य'ला चिकटलेली चंद्रकोरीसारखी रेघ. संगणकाच्या पडद्यावर ही रेघ उमटलीच नाही, तर मराठी वाचकाची पंचाईत होते. मग ती उमटवतो कोण?

संगणकाला अक्षरे ओळखता येत नाहीत. त्याला कळतात फक्त संख्या. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'युनिकोड' या जागतिक संकेतावलीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिलेला आहे. 'य'चा क्रमांक २३५१, 'र'चा २३५२, पाय मोडण्याच्या चिन्हाचा २३८१. २३५२, २३८१, २३५१ असे क्रमांक ओळीने आले की 'र्य' दिसायला हवे. पहिला क्रमांक २३५३ असला, तर 'ऱ्य'. पण क्रमांकांना काही रूप नसते. ते देण्याचे काम फाँट करतो.

फाँट म्हणजे जुन्या छापखान्यातील खिळ्यांचा संगणकातला वारसदार. त्याचे मुख्य भाग दोन. पहिला भाग आकृत्यांचा. अक्षररचनाकार बहुधा १००० एकक उंचीच्या चौकटीत अक्षराची बाह्यरेषा आखतो. ही रेषा चित्र म्हणून नव्हे, तर बिंदू आणि त्यांना जोडणारे वक्र अशा गणिती रूपात साठवतात. म्हणूनच अक्षर कितीही मोठे केले, तरी त्याच्या कडा फाटत नाहीत. दुसरा भाग नियमांचा. कोणते क्रमांक शेजारी आले म्हणजे कोणते जोडाक्षर काढायचे, हे त्यात लिहिलेले असते. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' हवेत की हिंदी वळणाचे, हेसुद्धा अशा नियमांनी ठरवता येते.

आता श्रमांचा अंदाज करा. इंग्रजीची मोठी आणि लहान मिळून अक्षरे ५२. देवनागरीत मात्र जोडाक्षरे धरली, तर आकृत्या सहज शेकड्यांत जातात. त्या साऱ्या एकाच वळणाच्या दिसायला हव्यात. प्रत्येकाने हे काम पहिल्यापासून करायचे म्हटले तर?

खिळ्यांच्या काळात जवळजवळ तसेच होते. अक्षराचा साचा ओतशाळेच्या मालकाकडे राही. मुद्रकाला खिळे विकत मिळत, पण साच्यात बदल करता येत नसे. संगणकाच्या फाँटची नक्कल करणे सोपे झाले, तरी कायद्याने त्यात फेरफार करण्याची मोकळीक आपोआप मिळत नाही. रचनाकाराने ती स्पष्टपणे द्यावी लागते. त्यासाठी एस. आय. एल. या संस्थेने 'मुक्त फाँट परवाना' तयार केला. त्याची आज रूढ असलेली आवृत्ती २००७ सालची. हा फाँट कोणीही वापरावा, तपासावा, बदलावा आणि इतरांना द्यावा, असे तो सांगतो. अटीही आहेत. फाँट नुसताच विकायचा नाही, बदललेला फाँट याच परवान्याखाली खुला ठेवायचा, आणि मूळ रचनाकाराने नाव राखून ठेवले असेल, तर नव्या फाँटला ते द्यायचे नाही.

याचे फळ काय, ते एका उदाहरणावरून पाहा. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा' नावाचा मुक्त फाँट उपलब्ध करून दिला. पुढे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील अभ्यासकांना संस्कृत ग्रंथांसाठी फाँट हवा होता. त्यांत दुर्मिळ जोडाक्षरे येतात, वेदांतील स्वरचिन्हे येतात. त्यांनी कोऱ्या पाटीवरून सुरुवात केली नाही. देवनागरीसाठी 'यशोमुद्रा'चा आणि रोमन अक्षरांसाठी एस. आय. एल.च्याच 'कॅरिस' या मुक्त फाँटचा आधार घेतला, उणे होते ते भरले आणि 'शोभिका' हा फाँट सिद्ध केला. त्यात देवनागरीच्या १६००हून अधिक आकृत्या आहेत. आणि तोही मुक्तच! म्हणजे उद्या कोणाला त्यात भर घालायची असेल, तर वाट मोकळी आहे.

विज्ञानातही असेच घडते, नाही का? एकाने केलेले काम उघड्यावर मांडले, की दुसरा ते तपासतो, त्यातील चूक काढतो आणि पुढचे पाऊल टाकतो. कपाटात बंद राहिलेल्या आराखड्यातील चूक मात्र तशीच राहते.

एक प्रयोग करून पाहा. शाळेतील संगणकावर 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे शब्द तीन-चार निरनिराळ्या फाँटमध्ये लिहा. कोठे ती रेघ नीट उमटते? 'ल' आणि 'श' कोणत्या वळणाचे दिसतात? एखाद्या मुक्त फाँटमध्ये दोष आढळला, तर त्याची नोंद करा आणि शिक्षकांच्या मदतीने ती रचनाकाराला कळवा. मुक्त फाँटमधली चूक दाखवणे, हाही तो घडवण्यातला वाटा आहे.