शेतांतील कर्ब आणि शेतकऱ्याची मिळकत

शहापूर व मुरबाड हे ठाणे जिल्ह्यांतील दोन्ही तालुके पावसाळी भाताचे. पालापाचोळा व शेण पसरून राब भाजावयाचा, पाऊस पडतांच चिखलणी करावयाची आणि मग लावणी, ही येथील पिढीजाद रीत. हा शेतकरी आतां ‘कार्बन क्रेडिट’ नांवाचा नवा माल विकूं शकेल, असें सांगण्यांत येतें. तो माल डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून त्याचें स्वरूप आधीं समजून घेणें अगत्याचें आहे.

दगडी कोळसा व खनिज तेल जाळल्यानें हवेंत कार्बन डायऑक्साइड वायु वाढतो व पृथ्वी तापते. झाड हाच वायु ओढून त्यांतील कर्ब खोडांत, मुळांत व मातींत सांठवितें. १२ किलो कर्ब सांठला म्हणजे ४४ किलो वायु हवेंतून निघाला. असा एक टन वायु काढला, अथवा हवेंत जाऊं दिला नाहीं, कीं एक क्रेडिट होतें. ज्या कारखान्यांना आपला धूर पुरता आवरतां येत नाहीं, ते तें विकत घेतात. क्योटो येथील १९९७ च्या करारानें या व्यापारास आंतरराष्ट्रीय रूप दिलें. भारत सरकारनें २०२३ मध्यें आपली योजना जाहीर केली, आणि जानेवारी २०२४ मध्यें कृषि-मंत्रालयानें शेतीकरितां आराखडा प्रसिद्ध केला.

भातखाचरांत पाणी तुंबलें कीं चिखलांत मिथेन वायु उत्पन्न होतो. तोहि उष्णता कोंडतो, आणि अधिक जोरानें. पाणी मधून मधून काढून टाकणें हा त्यावर उपाय खरा, पण कोंकणच्या मुसळधार पावसांत तें नेहमीं साधत नाहीं. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यांत, नेरळ येथें, श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनीं ‘सगुणा’ भातपद्धति बसविली आहे. तींत गादीवाफ्यांवर बीं टोकतात. राब नाहीं, चिखलणी नाहीं, लावणी नाहीं. कापणीनंतर मुळें मातींतच कुजूं देतात. तणाचा बंदोबस्त मात्र करावा लागतो.

आतां पैशाचा हिशेब. समजा, एकरीं वर्षाला एक टन वायु वांचला आणि क्रेडिटास ८०० रुपये भाव आला, तर दोन एकरवाल्याचे १,६०० रुपये झाले. मोजणी, तपासणी व मध्यस्थ यांत निम्मे गेले तर हातीं ८०० उरले. एवढ्याकरितां एकट्याच्या शेताची तपासणी परवडत नाहीं. शेंकडों शेतकऱ्यांस एकत्र यावें लागतें. बांधावरचा जुना आंबा यांत धरीत नाहींत. योजनेमुळें जें नवें घडलें, तेंच धरतात. तपासणीहि कडक असते. २०२४ मध्यें ‘व्हेरा’ या आंतरराष्ट्रीय नोंदणी-संस्थेनें चीनमधील भातशेतीच्या ३७ योजना कसोटीस न उतरल्यामुळें नाकारल्या.

म्हणून करारावर सही करण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: पैसा केव्हां मिळणार, वांटा किती, आणि जमीन किती वर्षें बांधली जाणार. सातबाऱ्यावर भावाबहिणींचीं नांवें असतील, तर त्यांनाहि विचारांत घ्यावें. मजुरी वांचली व जमीन सुधारली, तर तो लाभ शेतकऱ्याचा स्वतःचा. क्रेडिट ही केवळ वरकड. वरकडीच्या भरंवशावर कर्ज काढूं नये.