तरुण पिढी, कुटुंबमूल्ये आणि स्त्री-पुरुष समानता : एक तुलनात्मक आकलन

नवी पिढी वयात आली की तिच्याबरोबर स्त्री-पुरुष समानताही आपोआप घरात येते, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. निरनिराळ्या देशांतील वस्तुस्थिती शेजारी-शेजारी ठेवून पाहिली असता हे गृहीतक टिकत नाही. मुलींच्या शिक्षणाला वा मतदानाला आज तरुणांचा विरोध क्वचितच आढळतो. अडचण निर्माण होते ती घरातील अधिकार आणि श्रम यांच्या वाटणीपाशी.

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०१९-२० मध्ये भारतातील सुमारे ३० हजार प्रौढांची मते जाणून घेतली व निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध केले. पत्नीने पतीची आज्ञा नेहमी पाळली पाहिजे, या विधानाशी ८७ टक्के उत्तरदाते पूर्णतः वा बऱ्याच अंशी सहमत होते. त्याच वेळी, मुलांचा सांभाळ दोघांनी करावा असे ६२ टक्क्यांनी सांगितले. विशेष म्हणजे १८ ते ३४ या वयोगटाची मते बहुतांश बाबतीत वडीलधाऱ्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. ‘दोघांनी’ असे उत्तर देताना कोणाचे किती तास, हे सांगावे लागत नाही, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावयास हवी. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणात ते तास दिसतात. विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, तर पुरुष ८८ मिनिटे. हे आकडे सहा वर्षांवरील सर्वांचे आहेत, केवळ तरुणांचे नव्हेत. तथापि तरुण वाढतात ते याच घरांत.

दक्षिण कोरियात याच तणावाने वेगळे वळण घेतले. पुरुषास कुटुंबप्रमुख मानणारी ‘होजू’ नोंदणीपद्धती तेथील घटनात्मक न्यायालयाने २००५ मध्ये घटनाविसंगत ठरविली व २००८ मध्ये ती संपुष्टात आली. मुली उच्चशिक्षित झाल्या. पत्नी व सून म्हणून त्यांच्याकडून असलेल्या अपेक्षा मात्र त्या वेगाने बदलल्या नाहीत. २०२२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्त्री-पुरुष समानता मंत्रालय बंद करण्याचे आश्वासन देणाऱ्या युन सुक-योल यांना विशीतील बहुसंख्य पुरुषांनी पसंती दिली, तर त्याच वयाच्या बहुसंख्य स्त्रियांनी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यास, असे मतदानोत्तर चाचण्यांत आढळले. २०२३ मध्ये तेथील एकूण जननदर ०.७२ पर्यंत घसरला. विवाहबाह्य अपत्यजन्म तेथे अल्प असल्याने विवाह लांबणे म्हणजे बहुधा अपत्यही लांबणे होय. महागडी घरे व शिक्षणाचा खर्च ही कारणेही आहेतच. पण यास केवळ ‘कुटुंबमूल्यांचा ऱ्हास’ म्हणणे उथळपणाचे ठरेल. जुन्या अटींवरील कुटुंब नाकारणे आणि कुटुंबच नाकारणे यांत फरक आहे.

स्वीडनने मतपरिवर्तनाची वाट पाहिली नाही. १९७४ मध्ये तेथे मातृत्व रजेऐवजी पालकत्व रजा आली, परंतु वडील आपला वाटा आईस देऊ शकत, आणि बहुतेकांनी तो दिलाही. १९९५ मध्ये एक महिना हस्तांतरित न करता येणारा ठरला : वडिलांनी घेतला नाही तर तो बुडे. २०१६ पासून प्रत्येक पालकासाठी असे ९० दिवस राखीव आहेत. उरलेले दिवस कोणी घ्यावेत हे दांपत्यावर सोपविलेले आहे, आणि तेथे अद्यापही आईच अधिक रजा घेते.