गेमचा पडदा काळवंडतो, तेव्हा शरीरात काय होते?

नांदेडहून येणारा रस्ता वारंगा फाट्यावर हिंगोलीकडे आणि यवतमाळकडे फुटतो. अशा फाट्यावर एसटी जोरात वळली, की उभा प्रवासी बाहेरच्या बाजूला कलंडतो. लढाऊ विमानात हाच जोर कित्येक पटींनी वाढतो. शिवाय विमान वळताना एका अंगावर झुकते, त्यामुळे जोर डोक्याकडून पायांकडे लागतो. त्याचे माप म्हणजे ‘जी’. जमिनीवर आपण १ जी सोसतो. ९ जी म्हणजे ६० किलोच्या माणसाचे वजन ५४० किलो झाल्यासारखे!

संगणकावर लढाऊ विमानांचे गेम खेळणाऱ्या मुलांना हे आकडे पाठ असतात. विमान जोरात वळवले, की अनेक गेममध्ये पडदा कडेने काळवंडतो. तो नुसता देखावा नाही. हृदयापाशी वरचा रक्तदाब १२० असेल, तर दर एका जीमागे डोक्यापर्यंत पोहोचताना तो सुमारे २२ ते २५ने घटतो. ४ जीला डोळ्यांपाशी जेमतेम २०-३० उरतो. डोळ्याच्या आतच साधारण १५चा दाब असतो आणि रक्ताला तो ओलांडून आत शिरावे लागते. म्हणून आधी नजर जाते, मग शुद्ध.

जोर एकदम आला, तर अंधारी न येताही शुद्ध हरपते. बेशुद्धी आणि त्यानंतरचा गोंधळ मिळून वैमानिक २०-२५ सेकंद निकामी होऊ शकतो. ताशी ९०० किलोमीटर वेगाने तेवढ्यात विमान पाच-सहा किलोमीटर गेलेले असते.

याची तयारी घरच्या खुर्चीत होत नाही, कारण खुर्ची १ जीवरच असते. त्यासाठी वैमानिकांना बेंगळुरूच्या हवाई वैद्यक संस्थेत गरगर फिरणाऱ्या यंत्रात बसवतात. पाय आणि पोट आवळून श्वास रोखण्याचे तंत्र शिकवतात. जी-सूट हवेने फुगून पाय-पोट दाबतो आणि रक्त खाली साचू देत नाही. २५ नोव्हेंबर २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील वयाच्या ७४व्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३०मधून उडाल्या, तेव्हा त्यांनीही जी-सूट घातला होता.

विमानाच्या पंखांवरही हा ताण येतो. पण तो यंत्राने मोजता येतो, त्याची नोंद राहते आणि त्यावरून तपासणी ठरते. शरीराची मर्यादा मात्र रोज बदलते. पाणी कमी पडले, झोप झाली नाही, उपास घडला किंवा ताप येऊन गेला, की ती खाली येते.

हे फक्त वैमानिकांपुरते नाही. उन्हात काम करून, उपाशीपोटी किंवा बाजेवरून झटकन उठल्यावर येणारी अंधारी याच जातीची असते. रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते. अशा वेळी लगेच खाली बसा किंवा आडवे व्हा. कोणी बेशुद्ध पडले, तर त्याला धरून उभे करू नका. सपाट निजवून पाय उंच करा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नका.

अंधारी वारंवार येत असेल, तर दवाखान्यात बसून आणि उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजून घ्या. बीपीची गोळी चालू असेल, तर ती आपल्या मनाने बंद करू नका. छातीत दुखणे किंवा धडधड यांसह शुद्ध हरपली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.